घटस्फोटावर संशोधन करायचंय? आकडे मिळण्याची सहा ठिकाणं, पारखून

‘भारतात घटस्फोटाचा दर एक टक्का, जगात सर्वांत कमी’ हे वाक्य रंगीत तक्त्यासकट सतत फिरत असतं. लग्नसंस्था बुडाली म्हणणारेही ते वापरतात आणि ती शाबूत आहे म्हणणारेही. पण दर काढायचा तर एका वर्षात झालेले घटस्फोट मोजलेले हवेत, आणि ती मोजणी देशपातळीवर करून कुणी छापत नाही. जन्म-मृत्यूची नोंद होते, त्यांचे दर निघतात. घटस्फोट कोर्टाच्या दप्तरात जातो आणि तिथेच राहतो. जातपंचायतीसमोर झालेली काडीमोड तर दप्तरातही जात नाही, आणि रूढीने चालत आलेली काडीमोड हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने अबाधित ठेवलेली आहे.

म्हणजे हाती येतं ते ‘आज किती जण घटस्फोटित आहेत’ किंवा ‘किती दावे दाखल झाले’ एवढंच. पहिला आकडा साठ्याचा, दुसरा कोर्टाच्या कामाचा. दर दोन्हींतून निघत नाही. हे मान्य करून कामाला लागलं तर खालची सहा ठिकाणं उपयोगी आहेत. पारख तीन गोष्टींवर केली आहे: माल हाती यायला किती खटपट पडते, त्यात नेमकं काय मोजलंय, आणि मुलांच्या ताब्याबद्दल काही कळतं का. तिसऱ्या कसोटीवर जवळजवळ सगळीच नापास आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

जनगणना २०११, तक्ता सी-२

फुकट, नोंदणी नको, एक्सेल फाइल. जनगणनेच्या संकेतस्थळावर ‘सी’ मालिकेत वय आणि लिंगानुसार वैवाहिक स्थितीचा हा तक्ता आहे. धर्मनिहाय हवा तर सी-३. महाराष्ट्राचा संकेतांक २७, गोव्याचा ३०. महाराष्ट्रातले जिल्हे ४९७ (नंदुरबार) ते ५३१ (सांगली), एकूण ३५. त्यात पालघर शोधू नका. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याची माणसं ठाण्यात, ५१७ खाली मोजलेली आहेत. ठाण्याचा २०११ चा आकडा आजच्या ठाण्याशेजारी ठेवणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

या तक्त्याची खरी किंमत एका बारीक सुधारणेत आहे. आधीच्या म्हणजे २००१ च्या तक्त्यात घटस्फोटित आणि विभक्त यांचा एकच रकाना होता, २०११ ला दोन झाले. म्हणूनच सुरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांना २०१६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दाखवता आलं की देशात घटस्फोटित १३.६ लाख, पण घटस्फोट न घेता वेगळे राहणारे त्यांच्या अडीचपटीहून जास्त. विवाहित लोकसंख्येशी प्रमाण ०.२४ आणि ०.६१ टक्के. एकूण लोकसंख्येशी लावलं की तेच ०.११ आणि ०.२९ होतं. माणसं तीच, फक्त छेद बदलला. छेद न सांगता टक्केवारी देणारा लेख दिसला की तिथेच थांबावं. दोन्ही रकान्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात, त्याचं एक कारण उघड आहे: पुनर्विवाह केलेला पुरुष ‘विवाहित’मध्ये परत जातो आणि घटस्फोटितांच्या मोजणीतून गळतो. राज्यांत मिझोरमचं घटस्फोटितांचं प्रमाण ४.०८ टक्के, देशात सर्वांत जास्त.

आता उणीव. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीने १९८० च्या दशकात ‘परित्यक्ता’ हा शब्द चर्चेत आणला, पण जनगणनेत तिला वेगळी जागा नाही. प्रगणक दारात उभा असतो तेव्हा उत्तर बहुधा घरातला कर्ता माणूस देतो. ‘बहीण आहे. लग्न झालंय, सध्या आमच्याकडेच असते.’ ‘नांदत नाही’ हे शब्द तो परक्यासमोर उच्चारत नाही, आणि कागदावर ‘सध्या विवाहित’चा अंक पडतो. त्यामुळे ०.६१ हा आकडा तळाचा धरावा, वरचा नव्हे.

फाइलीतली खोड अशी: एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तिन्ही रांगा एकाच पानावर असतात, आणि प्रत्येकीत ‘सर्व वयं’ची रांगही. गाळणी न लावता पिव्होट टेबलने बेरीज केली की उत्तर बरोबर चौपट येतं. ते चौपट आहे हे लक्षातही येत नाही, कारण टक्केवारी काढली तर ती बरोबरच दिसते. चूक उघडी पडते ती निव्वळ संख्या छापल्यावर.

आकडे दीड दशक जुने झाले ही तक्रार खरी आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर जिल्ह्याच्या पातळीवर दुसरा पर्याय नाही. पाचपैकी साडेतीन. ताब्यासाठी शून्य.

श्रमबळ सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस

रोजगाराच्या पाहणीत घटस्फोट कशाला शोधायचा? कारण ही पाहणी दरवर्षी येते. प्रत्येक माणसाची वैवाहिक स्थिती तिच्यात आहे, आणि कोड ४ म्हणजे घटस्फोटित किंवा विभक्त (इथे पुन्हा एकाच पोत्यात). सांख्यिकी मंत्रालयाच्या सूक्ष्म-डेटा पोर्टलवर खातं उघडलं की फाइल फुकट मिळते. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुठल्या स्थानापासून कुठवर काय ते सोबतच्या एक्सेलमध्ये.

अडखळायला होतं ते वजनात, म्हणजे एक नोंद किती माणसांच्या जागी धरायची त्या गुणकात. २०१७-१८ पासून २०२४ पर्यंतच्या फाइलींत गुणक शंभराने भागायचा, पण एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने समान असतील तरच. नसतील तर दोनशेने. वर्षभराचा अंदाज हवा तर वर चार तिमाहींनी भागायचं. शहरी घरांना पुन्हा पुन्हा भेट दिलेली असते, त्यामुळे पहिल्या भेटीचीच फाइल घ्यायची. यातली एक पायरी चुकली तर देशाची लोकसंख्या चारशे-पाचशे कोटी निघते. तपासणीचा सोपा मार्ग तोच: आधी एकूण लोकसंख्या काढून बघा.

मोहात पडून राज्यवार तक्ते मात्र करू नयेत. २०१७-१८ ला पाहणीत १,०२,११३ घरं आणि ४,३३,३३९ माणसं होती. जनगणनेचं ०.४ टक्के प्रमाण लावलं तर सगळ्या देशात घटस्फोटित आणि विभक्त मिळून सतराशेच्या आसपास नोंदी. त्यातल्या एका राज्याच्या वाट्याला शे-दीडशे आल्या तरी खूप. त्यांची शहर-गाव, बाई-पुरुष अशी वाटणी केली की उरतात वीस-तीस, आणि त्यावर ‘महाराष्ट्रातल्या घटस्फोटित स्त्रियांचा रोजगार वाढला’ असं लिहिणं म्हणजे नाणं तीसदा उडवून हवामान सांगणं. देशपातळीवर, तीन-चार वर्षांच्या फाइली एकत्र करून वापरली तर चांगली. तीन गुण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयपीएसचं हे काम. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरं, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष. आकाराने यापुढे कुणी टिकत नाही, आणि प्रश्नावलीही सर्वांत शहाणी: विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि ‘नवऱ्याने टाकलेली’ हे चार वेगळे पर्याय. जनगणनेत हरवलेली परित्यक्ता इथे सापडते.

डेटा मिळवायचा नेहमीचा रस्ता डीएचएस प्रोग्राम, म्हणजे अनेक देशांत अशाच आरोग्य पाहण्या चालवणारा कार्यक्रम, त्याच्या संकेतस्थळावरून. नाव नोंदवायचं, संशोधनाचा हेतू एका परिच्छेदात लिहायचा, देश आणि फेरी निवडायची, मंजुरी ई-मेलवर येते. हेतूत ‘घटस्फोटाचा अभ्यास’ एवढंच लिहू नये. कुठले चल (म्हणजे फाइलीतले माहितीचे रकाने), कुठली पद्धत ते लिहावं. हा कार्यक्रम अमेरिकेच्या मदतनिधीवर चालत होता आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निधी अडकला तेव्हा विनंत्यांना उत्तरं देणंच थांबलं होतं. त्यामुळे प्रबंध सादर करायला तीन महिने उरले असताना अर्ज करायची ही जागा नाही. दुसरा दरवाजा आयआयपीएसकडेच आहे, तिथे मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र तयार ठेवून मागणी करावी.

स्त्रियांच्या फाइलीत वैवाहिक स्थिती व्ही-५०१ या चलात असते. पण हा जगभरासाठीचा साचा आहे: त्यात घटस्फोटित एका अंकाखाली आणि विभक्त-टाकलेल्या सगळ्या दुसऱ्या अंकाखाली. भारताचं तपशीलवार उत्तर पाहायचं तर देशापुरते जोडलेले, ‘एस’ने सुरू होणारे चल उघडावे लागतात. हे न पाहिल्याने ‘टाकलेल्या’चा रकानाच नाही असं लिहून मोकळे झालेले प्रबंध आहेत. वजन व्ही-००५, त्याला दहा लाखांनी भागायचं. भागायला विसरलं तर टक्केवारी बिघडत नाही. वजनच लावायला विसरलं तर बिघडते. छळाविषयीचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारलेले आहेत आणि तेही निवडक घरांतच, म्हणून त्यांचं वजन वेगळं, डी-००५.

मर्यादा दोन. स्त्रियांचं वय १५ ते ४९ एवढंच, म्हणजे पन्नाशीनंतर वेगळं राहणारी बाई गणतीतच नाही. आणि प्रश्न आजच्या स्थितीचा आहे. पुनर्विवाह झालेली ‘विवाहित’ म्हणून मोजली जाते. लग्न एकदा की अनेकदा हे व्ही-५०३ सांगतो, पण पहिलं लग्न मरणाने संपलं की कोर्टात, ते सांगत नाही.

मुलांचं थोडं काही कळतं ते इथेच. घराच्या फाइलीत १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबद्दल चार गोष्टी असतात: आई जिवंत आहे का (एचव्ही-१११), असल्यास घरातल्या यादीत तिचा क्रमांक (एचव्ही-११२), आणि बापाबद्दल तेच (एचव्ही-११३, एचव्ही-११४). बाप जिवंत आहे पण त्याचा क्रमांक शून्य, आई घरात आहे: अशी मुलं निवडली की ‘आईकडे राहणारी मुलं’ हाती आल्यासारखी वाटतात. इथेच फसगत होते. रत्नागिरीत बाप मुंबईला किंवा आखातात नोकरीला असलेल्या मुलाची नोंद आणि बापाने सोडून दिलेल्या मुलाची नोंद या चार रकान्यांत अक्षराअक्षराला सारखी दिसते. त्यांना वेगळं करायला आईची वैवाहिक स्थिती जोडावी लागते: मुलाच्या नोंदीतला आईचा क्रमांक घ्यायचा, त्याच घराच्या त्या क्रमांकाच्या ओळीत एचव्ही-११५ पाहायचा. जोडणी करताना समूह क्रमांक आणि घर क्रमांक दोन्ही चाव्या लावा. नुसत्या घर क्रमांकावर जोडलं तर साताऱ्याच्या मुलाला सोलापूरची आई मिळते आणि संगणक चूक दाखवत नाही.

इतकं करूनही उत्तर मिळतं ते ‘मूल कुठे राहतं’ याचं. कोर्टाने कुणाकडे दिलं, बाप भेटायला येतो का, पोटगी येते का, यातलं काही नाही. तरी चार गुण, कारण बाकी कुणी एवढंही देत नाही.

आयएचडीएस

आयएचडीएस म्हणजे भारतीय मानव विकास सर्वेक्षण. अमेरिकेतलं मेरिलंड विद्यापीठ आणि दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था यांची ही पाहणी, २००४-०५ ला ४१,५५४ घरं, २०११-१२ ला ४२,१५२. पहिल्या फेरीतल्या सुमारे ८३ टक्के घरांत दुसऱ्यांदा जाऊन विचारलेलं आहे. म्हणजे एखादी बाई आधी विवाहित होती आणि सात वर्षांनी नाही, हे त्याच बाईबाबत पाहता येतं. आधीचं उत्पन्न, शेती, हुंड्याची गावातली रीत यांच्यासह. घटस्फोटामुळे गरिबी येते की गरिबीमुळे संसार मोडतात, हा प्रश्न एका क्षणाच्या पाहणीतून कधीच सुटत नाही, इथे निदान हात लावता येतो. शिवाय ‘विवाहित, पण जोडीदार इथे राहत नाही’ असा वेगळा कोड आहे, म्हणजे वरची रत्नागिरीची अडचण मुळातच कमी. घटस्फोटित आणि विभक्त मात्र एकाच कोडात, आणि संख्या लहान. मिशिगनच्या आयसीपीएसआर संग्रहातून मोफत उतरवता येते. घरं फुटतात, वाटणी होते, तेव्हा पहिल्या फेरीतलं एक घर दुसऱ्या फेरीत तीन होतं. जोडणीची वेगळी फाइल देतात ती वापरावी, स्वतः चाव्या बनवू नयेत.

ई-कोर्ट्‌स आणि राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड

आता मुख्य ठिकाण: ई-कोर्ट्‌स म्हणजे कोर्टांतले दावे शोधण्याचं सरकारी संकेतस्थळ, आणि डेटा ग्रिड म्हणजे त्याच दाव्यांच्या गोळाबेरजेचे तक्ते-आलेख. दावे, तारखा, निकाल सगळं इथे आहे, आणि म्हणूनच इथे सर्वांत जास्त चुका होतात.

पहिली चूक ठिकाण निवडतानाच. ई-कोर्ट्‌सवर राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे निवडला तर पुण्याचं कौटुंबिक न्यायालय दिसत नाही. जिल्ह्यांच्या यादीत खाली ‘महाराष्ट्र फॅमिली कोर्ट्‌स’ असा स्वतंत्र पर्याय आहे, तो निवडल्यावर शहरं येतात. डेटा ग्रिडवर ‘पुणे’ पाहून ‘पुण्यात वैवाहिक दावे किती थोडे’ असा निष्कर्ष काढलात तर तो अर्ध्या कोर्टाचा निष्कर्ष. उलट जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हिंदू विवाह कायद्याचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे ‘मॅरेज पिटिशन’ म्हणून जातात. एका राज्याचा आकडा काढायचा तर दोन्हीकडून जमवावा लागतो.

दुसरी चूक अक्षरांची. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांना अक्षरं आहेत: ए म्हणजे घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा, विवाह रद्द करणं असे वैवाहिक अर्ज, बी मालमत्तेचे, सी पोटगीचे दिवाणी दावे, डी पालकत्व आणि ताबा, ई दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी, एफ परस्परसंमतीचा घटस्फोट. ‘घटस्फोट किती’ म्हणून ए मोजला तर नांदायला येण्याचे दावेही त्यात आले आणि संमतीचे सगळे सुटले. १ जुलै २०२४ नंतर कलम १२५ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं, त्यामुळे कायद्याच्या नावाने शोधताना दोन्ही टाकावे लागतात. कायद्याचं नावही प्रत्येक कोर्टाच्या यादीत वेगळं टंकलेलं: कुठे सालासह, कुठे सालाविना, कुठे संक्षेपात. एकच शोध लावून समाधान मानू नये.

तिसरी चूक ताब्याची, आणि ती सर्वांत महाग. ताब्याचे खटले म्हणून डी मोजणं सरळ वाटतं. पण एका मोडत्या संसारातला ताबा पाच वाटांनी कोर्टात येतो. घटस्फोटाच्या ए अर्जातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम अर्ज टाकतात. तो निशाणी क्रमांकावर फाइलीत बसतो, बाहेरून दिसत नाही. संमतीच्या एफ अर्जात ताबा तडजोडपत्राच्या एका परिच्छेदात असतो: मूल आईकडे, बापाला महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार, मे महिन्याची अर्धी सुट्टी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा मॅजिस्ट्रेट देतो, म्हणजे कोर्टच वेगळं. मूल पळवल्याचा आरोप असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका. या चारांतून जे उरतं किंवा घटस्फोटानंतर नव्याने पेटतं, ते डी. म्हणून डी ची संख्या घटली याचा अर्थ ताब्याचे वाद घटले असा नाही. वकिलांनी अंतरिम अर्जाचा जवळचा रस्ता धरला, एवढाही असू शकतो. संयुक्त ताब्याची शिफारस करणारा कायदा आयोगाचा २५७ वा अहवाल मे २०१५ चा. त्यानंतर कोर्टांची वागणूक बदलली का, हे कुणाला तपासायचं असेल तर या पाचही वाटा धरल्याशिवाय तपासता येणार नाही.

चौथी, ‘निकाली’ या शब्दाची. निकाली म्हणजे घटस्फोट मिळाला नव्हे. अर्ज मागे घेतला, तडजोड झाली, गैरहजेरीत काढून टाकला, दुसऱ्या कोर्टात वर्ग झाला, सगळे निकालीच. प्रत्येक दाव्याच्या पानावर निकालाचं स्वरूप असतं, लढून की न लढता, मंजूर की मागे घेतला. ते एकेक उघडून नोंदवावं लागतं. वर्ग झालेल्या दाव्याला नव्या कोर्टात नवा क्रमांक मिळतो. बायको नागपूरला माहेरी, नवऱ्याने दावा लावला पुण्यात, तिने वर्ग करून घेतला: एक भांडण, दोन दावे, त्यातला एक ‘निकाली’. दावा एकच आहे हे प्रत्येक दाव्याला मिळणाऱ्या १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकावरून कळत नाही, कारण तोही बदलतो. पक्षकारांची नावं आणि दाखल वर्ष ताडूनच दुबार नोंदी काढाव्या लागतात.

काळ मोजतानाही सांभाळा. एफ अर्जाचा वेळ ए शी तोलू नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ती मुदत योग्य प्रकरणात माफ होते. त्यामुळे २०१७ च्या आधीचा आणि नंतरचा सरासरी कालावधी ताडून ‘कोर्ट वेगवान झालं’ म्हणणं चूक. कायद्याचा अर्थ बदलला.

प्रत्यक्ष काम असं चालतं: ‘केस टाइप’ टॅब, अक्षर निवडा, वर्ष टाका, प्रलंबित की निकाली ते निवडा, कॅप्चा भरा, यादी उतरवा. कॅप्चा प्रत्येक वेळी. म्हणून सगळी वर्षं ओढायचा हट्ट न धरता दोन वर्षं, दोन शहरं घ्यावीत आणि यादीतून दर दहावा दावा निवडून तोच नीट वाचावा. दोनशे दाव्यांचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद, तारखेनुसार वाचणारा अभ्यास दोन लाख ओळींच्या तक्त्यापेक्षा ताब्याबद्दल जास्त सांगतो. रोजनाम्यातच दिसतं की भेटीचा आदेश झाला, पुढच्या तारखेला ‘मूल आणले नाही’, त्याच्या पुढच्या तारखेला पुन्हा तेच. निकालपत्र मात्र बहुतेक वेळा चढवलेलं नसतं. साधन म्हणून साडेतीन. नुसते डेटा ग्रिडचे आलेख उचलून लेखात चिकटवणाऱ्यांसाठी एक.

इंडियन कानून

निकाल शोधण्याचं हे संकेतस्थळ मोफत, झटपट, आणि उच्च-सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांसाठी पुरेसं. एएनडीडी, ओआरआर, एनओटीटी (ANDD, ORR, NOTT) हे जोडशब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकायचे, नाहीतर शोध विस्कटतो. ‘पॅरेंटल एलिनेशन’ (एका पालकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध फितवणं) हा शब्द टाकला की पन्नासेक निकाल वाचून लोक थेट ‘भारतात मुलं बापाविरुद्ध भडकवली जातात’ इथे पोचतात. अपिलात जाणारी प्रकरणं मुळातच सर्वांत चिघळलेली आणि पैसेवाल्यांची असतात, त्यांच्यावरून घराघरातलं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये हा शिक्का सरसकट मारू नये, भडकवल्याचे प्रत्यक्ष प्रसंग आधी दाखवावेत अशी ताकीद दिली आहे. न्यायाधीश कसा विचार करतात हे पाहायला उत्तम, किती वेळा काय घडतं हे मोजायला निरुपयोगी.

माहिती अधिकार, गोवा आणि गुप्तता

माहिती अधिकारात ‘गेल्या दहा वर्षांत आईला ताबा किती, बापाला किती’ असं विचारलं की ‘माहिती त्या स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते कायद्याला धरून आहे. नवी गोळाबेरीज करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्यापेक्षा वरिष्ठ कार्यालयाला पाठवलेल्या मासिक विवरणपत्रांच्या प्रती मागाव्यात: प्रकारनिहाय दाखल, निकाली, प्रलंबित. ते कागद आधीच बनलेले असतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

गोव्याचा अभ्यासक या बाबतीत सुखी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून लग्नाची नोंद नागरी निबंधकाकडे होते आणि घटस्फोटाचा कायदा १९१० चा. हुकूमनामा झाला की लग्नाच्या नोंदीवर तशी नोंद चढते. ‘अमुक साली लागलेल्या लग्नांपैकी किती मोडली’ हा खरा दर काढायला लागणारा कच्चा माल तिथे एका कार्यालयात आहे. संगणकाच्या एका बटणाने तो मिळणार नाही, परवानगी घेऊन नोंदवह्या उलटाव्या लागतील.

कोर्टाच्या फाइली वाचायच्या तर प्रमुख न्यायाधीशांची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्र दोन्ही आधी घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कामकाज बंद दाराआड चालतं आणि ते छापणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ, पण दंडापेक्षा मोठी गोष्ट पुढची. नावं बदलली म्हणजे ओळख लपली असं नाही. लहान तालुक्यात वर्षाला ताब्याचा एकच अर्ज असतो, आणि ‘आई शिक्षिका, बाप सैन्यात, मुलगी सातवीत’ एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं. तक्त्यात पाचांपेक्षा कमी संख्या असलेला चौकोन शेजारच्यात मिसळावा, तालुक्याऐवजी विभाग लिहावा, आणि मुलाचं वय दोन वर्षांच्या पट्ट्यात द्यावं.